दाराच्या जागी काच

सोमवार, ३ ऑक्टोबर १९७७. सकाळी साडेसात वाजता करंजकर मिलच्या जनरल मॅनेजरांच्या खोलीचं दार बिजागऱ्यांतून उचलून काढण्यात आलं.

दार जुन्या सागवानाचं होतं आणि जड होतं. दोन सुतार, एक हमाल आणि वाटेत सापडला म्हणून शिपाई सिदू, अशा चौघांनी ते आडवं करून खांद्यावर घेतलं आणि पटांगणातून गोदामाकडे चालवलं. सिदूला गप्प बसवेना.

"पितरपाटात दार काढत्यात व्हय कुणी?" तो म्हणाला. "आन् वर मलाच खांदा द्यायला लावत्यात."

पुढचा सुतार हसला, तसं दार एका बाजूला कललं. सिदूने त्याच्या आजीचा उद्धार केला आणि वरात पुढे गेली.

हेडक्लार्क यज्ञेश्वर वळसंगकर ऑफिसच्या पायरीवर उभा राहून हे बघत होता. त्याला हसू आलं नाही. दार काढलं, आता माणूस कोण काढणार, हा त्याच्या मनात आलेला पहिला विचार. तसा विचार करायला त्याच्याकडे कारण होतं.

दिवाडकर साहेब जनरल मॅनेजर म्हणून सोलापूरला आल्याला वर्ष होत आलं होतं आणि तेवढ्यात ही त्यांची तिसरी नवी गोष्ट. पहिली, सूचनापेटी. लाल रंगाची, कुलूपबंद पेटी त्यांनी गेटाशी भिंतीवर ठोकली. कामगारांनी मनातलं लिहून आत टाकावं, अशी कल्पना. महिन्याने कुलूप उघडलं तेव्हा आत एकच चिठ्ठी होती : 'पेटी हलवा, डोक्याला लागते.' पेटी हलवली नाही. मग मागांवर रंगीत पत्रे आले. ज्याचं काम चांगलं त्याच्या मागावर हिरवा पत्रा, बरं त्याच्यावर पिवळा, वाईट त्याच्यावर लाल. जॉबरांनी, म्हणजे मागांवरच्या मुकादमांनी, पत्रे लावणाऱ्या पोराला चहा पाजायला सुरुवात केली आणि बघता बघता सगळी शेड शेतासारखी हिरवी झाली. साहेबांनी तो आकडा मुंबईला कळवला. सगळे हसले. पण पहिल्या आठवड्यात ज्यांच्या मागावर लाल पत्रा लागला होता, ती माणसं पुढच्या महिन्यात कायम यादीतून निघाली आणि बदलीवर गेली, म्हणजे कुणी गैरहजर असेल त्या दिवशीच त्यांना काम. पत्रे गंजून गेले, काढून टाकले, कुणी त्यांचं नावही काढेना. बदलीवर गेलेली माणसं मात्र परत कायम झाली नाहीत.

यज्ञेश्वरला ती माणसं आठवत होती, कारण त्यांच्या बदलीचे कागद त्यानेच टाइप केले होते.

आता साहेब अहमदाबादेहून तीन आठवड्यांचा कोर्स करून परतले होते आणि येताना 'उघडा कारभार' घेऊन आले होते. परिपत्रक इंग्रजीत आलं, यज्ञेश्वरने ते मराठीत उतरवलं. 'यापुढे जनरल मॅनेजर आणि कामगार यांच्यामध्ये दार असणार नाही. साहेब काय करतात, कुणाशी बोलतात, हे प्रत्येक कामगाराला पटांगणातून दिसेल.' पटांगणाकडची भिंतही पाडायची होती. ती मंगळवारी पडली. बुधवारी साहेबांच्या लक्षात आलं की मागांच्या आवाजात फोनवर समोरच्याचं अक्षर ऐकू येत नाही. मग गुरुवारी भिंतीच्या जागी काच आली आणि दाराच्या जागीही काच आली. काचेला मूठ होती, बिजागऱ्या होत्या, ती उघडत होती आणि लागत होती. तिला दार म्हणायचं नाही, एवढं साहेबांनी सगळ्यांना सांगून ठेवलं.

मिलमध्ये त्या खोलीला 'शोकेस' हे नाव पडायला जेवणाची सुट्टीसुद्धा लागली नाही.

"साहेबाला शोकेसमदी बशिवलं की राव," विणकर ईरप्पा म्हणाला. "भाव काय लावलाय?"

"दिवाळीला सूट मिळंल," दुसरा म्हणाला.

ईरप्पा हा साळखात्यातला, म्हणजे मागांच्या शेडमधला, सगळ्यांचं ऐकून घेणारा आणि सगळ्यांना ऐकवणारा माणूस. युनियनमध्ये त्याला पद नव्हतं. पण युनियनचे लोक आधी त्याच्याकडे बघून मग बोलत. यज्ञेश्वरची आणि त्याची ओळख जुनी. हेडक्लार्क होण्याआधी यज्ञेश्वरने नऊ वर्षं शेडमध्ये क्लार्क म्हणून काढली होती. किती कापड उतरलं ते मागामागाशी जाऊन लिहून घ्यायचं काम. त्या नऊ वर्षांनी त्याचा डावा कान मंद केला आणि एक गोष्ट शिकवली. शेकडो माग एकदम चालतात तिथे माणूस कानाने ऐकत नाही, तोंडाकडे बघून ऐकतो. विणकर बोलताना आवाज काढतच नाहीत. ओठ हलवतात, भुवई उचलतात, आणि चार माग पलीकडचा माणूस हसतो किंवा शिवी देतो. शेडमध्ये नवीन आलेल्याला हे यायला वर्ष लागतं. आलं की जात नाही. यज्ञेश्वरलाही येत होतं.

हे दिवाडकर साहेबांना ठाऊक नव्हतं. ते शेडमध्ये जात ते फेरी मारायला, आणि साहेबांची फेरी असली की तोंडं बंद असत.

काच बसली त्या संध्याकाळी साहेबांनी तिची परीक्षा घेतली. यज्ञेश्वरला आत उभं केलं, हातात परिपत्रक दिलं. "मोठ्याने वाचा. अगदी ओरडून." स्वतः बाहेर पटांगणात जाऊन कान पुढे करून उभे राहिले. यज्ञेश्वर वाचू लागला. वाचता वाचता त्याने मान वर केली, तर साहेबांच्या मागे थोड्या अंतरावर ईरप्पा उभा. डोक्यात कापसाचे तंतू, हात मागे बांधलेले, चेहरा अगदी भोळा. आणि त्याचे ओठ हलत होते. यज्ञेश्वर 'उघडा कारभार' म्हणाला की अर्ध्या श्वासानंतर ईरप्पाचे ओठ 'उघडा कारभार' म्हणत. शेवटच्या ओळीला ईरप्पाने डोळा मारला.

साहेब आत आले ते खूश होऊन. "एक शब्द ऐकू आला नाही! दिसतं सगळं, पण गुप्त ते गुप्तच राहतं. वळसंगकर, विश्वास म्हणतात तो हा."

"साहेब..." यज्ञेश्वर म्हणाला.

"उद्यापासून तुमचं टेबल इथे माझ्यासमोर. कामगार तुमच्याकडे येतात ना गाऱ्हाणी घेऊन? मग कोण येतं, किती वेळ बसतं, ते मला दिसलं पाहिजे. उघडा कारभार म्हणजे दोन्ही बाजूंनी उघडा."

यज्ञेश्वरच्या ओठांवर आलेलं त्याने गिळलं. तिथेच त्याला वाटलं, म्हणजे काच यासाठी आहे तर. आपल्याला बघायला. मग त्यांनाही कुणी बघितलं तर बिघडलं कुठे? शिवाय साहेबांचे फोन बहुतेक इंग्रजीत असत. जाऊ दे, म्हणून तो गप्प बसला.

टेबल हललं. आधी ते कपाटांच्या मागे कोपऱ्यात होतं. तिथे येऊन लोक बसत, आधी हवापाण्याचं बोलत आणि मग हळूच जॉबरच्या त्रासाचं, रजेचं, दारू पिणाऱ्या भावाचं. आता समोरच्या स्टुलावर कुणी बसेना. बसणारा साऱ्या पटांगणाला दिसे. एक बाई अर्ध्या वाटेवरून परत फिरलेली यज्ञेश्वरने स्वतः बघितली. साहेबांनीही बघितली. ते म्हणाले, "बघा, तक्रारी कमी झाल्या."

साहेबांचं टेबल कोर्सच्या पुस्तकात सांगितल्याप्रमाणे पटांगणाकडे तोंड करून ठेवलेलं होतं. काचेबाहेर लिंबाचं झाड, झाडाभोवती कट्टा. जेवणाच्या सुट्टीत कांडीखात्यातल्या, म्हणजे कांड्यांवर सूत भरणाऱ्या, बाया त्या कट्ट्यावर भाकरी सोडत. त्यांत शिवम्मा. मूळची मैंदर्गीची, घरी कानडी, मिलमध्ये मराठी, भांडणात दोन्ही. यज्ञेश्वर शेडमध्ये होता तेव्हापासून ती त्याला अण्णा म्हणायची. तोंडावरनं बोलणं सगळ्यांनाच कळत असे, पण शिवम्माला देवळाच्या या टोकाला बसून त्या टोकाच्या पुजाऱ्याचं पुटपुटणं कळतं, असं बाया सांगत. तिचा मुलगा विरुपाक्ष दुसऱ्या पाळीत बदलीवर होता.

पुढच्या मंगळवारी जेवणाच्या सुट्टीत मुंबईहून मिलच्या मालकांचा, थोरल्या शेठचा फोन आला. शेठ इंग्रजीत बोलत नसत.

"हो, हो, ठरल्याप्रमाणेच," साहेब म्हणाले. "दिवाळी झाली की दुसरी पाळी बंद. नाही, आधी कुणाला कळता कामा नये. बोनस देऊन टाकू, मग नोटीस लावू."

यज्ञेश्वरचं पेन थांबलं. त्याने साहेबांकडे बघितलं नाही, बाहेर बघितलं. कट्ट्यावर शिवम्माच्या हातातला भाकरीचा घास तोंडापर्यंत जाऊन थबकला होता. तिचे डोळे साहेबांच्या तोंडावर. साहेब बोलायचे थांबले तसा तिने घास परत फडक्यावर ठेवला. मग तिने मान वळवली. नळाशी ईरप्पा हात धूत होता. आवाज न काढता ती म्हणाली, आणि काचेच्या आतून यज्ञेश्वरला लख्ख कळलं : 'दुसरी पाळी. दिवाळीनंतर. बंद.'

साहेबांनी फोन ठेवला आणि काचेतून बाहेर बघून प्रसन्न हसले. "किती शांत जेवतात ना ही माणसं," ते म्हणाले.

दुपारी दुसरी पाळी आली ती गेटातून आत शिरली आणि शेडकडे गेली नाही. पटांगणात उभी राहिली. घोषणा नाही, निवेदन नाही. सगळे काचेकडे तोंड करून उभे. भोंगा झाला तरी हलले नाहीत. पहिली पाळीही सुटून त्यांच्या मागे येऊन थांबली. अखेर ईरप्पा पुढे आला, त्याने काचेवर टिचकी मारली आणि आत न येता विचारलं :

"साहेब, दिवाळीनंतर दुसऱ्या पाळीनं कुटं जायचं तेवडं सांगा. म्हंजे तिकिटं काडायला बरं."

साहेब म्हणाले, असं काही ठरलेलं नाही, अफवांवर विश्वास ठेवू नका. ईरप्पाने मान डोलावली. "व्हय साहेब," तो म्हणाला आणि गेला. माग अर्ध्या तासाने सुरू झाले.

पटांगण मोकळं झालं तेव्हा साहेब खुर्चीत मागे रेलले. आवाज अगदी सौम्य होता.

"वळसंगकर, फोन आला तेव्हा या खोलीत दोनच माणसं होती."

"हो साहेब."

"आवाज बाहेर जात नाही. मी स्वतः उभं राहून तपासलं, तुमच्या देखत. शेठ तर मुंबईत. मी सांगितलं नाही." ते थांबले. "आता तुम्हीच हिशेब करा."

यज्ञेश्वरने हिशेब केला आणि तो कुठूनही आपल्यावरच येतो, हे त्याला दिसलं. खरं सांगावं तर साहेब आधी विचारणार, कुणी वाचलं? शिवम्माचं नाव घेतलं की शिवम्मा गेली, विरुपाक्षही गेला. नाव नाही घेतलं तरी दुसरा प्रश्न होताच : तुम्हाला हे कधीपासून ठाऊक होतं? परीक्षेच्या दिवसापासून. मग त्या दिवशी गप्प का बसलात?

"मी कुणाशी बोललो नाही, साहेब," तो म्हणाला. हे खरंच होतं. खरं असूनही ते खोट्यासारखं ऐकू आलं, त्याला स्वतःलाही.

संध्याकाळी मिलमागच्या क्वार्टर्सकडे जाताना ईरप्पा सायकल हातात धरून त्याच्या बाजूने चालू लागला.

"तुमी आत बसला हुता," ईरप्पा म्हणाला.

"होतो."

"साहेब बोलला ते तुमी कानानं ऐकलं. आमाला शिवम्माकडनं कळलं. शिवम्मा जेवाया बसली नसती तर?"

ईरप्पाने सायकल थांबवली.

"तुमी सांगितलं असतं का न्हाय, एवडंच इचारतो."

"मला विचार करायला वेळ कुठे मिळाला, ईरप्पा? तासाभरात सगळ्या मिलला कळलं होतं."

"व्हय की. वेळ न्हाय मिळाला." ईरप्पा सायकलवर बसला. "लाल पत्र्याच्या टायमाला मिळाला हुता. तवाबी तुमी टायपिंगच केलं."

घरी बायकोने, यशोदाने, त्याचा चेहरा बघून आधी चहा टाकला. सगळं ऐकून घेतल्यावर ती म्हणाली, "म्हणजे साहेब म्हणतात तुम्ही सांगितलं, आणि कामगार म्हणतात तुम्ही सांगितलं नाही."

"हो."

"आणि दोघंही तुमच्यावरच चिडलेत." तिने कप खाली ठेवला. "अहो, पण नोकरी गेली तर ही खोली मिलची आहे. आपण जायचं कुठे? केमला तुमच्या चुलत्यांच्या दारात?"

"नोकरी जाईल असं अजून कोणी म्हणालेलं नाही."

"दार काढलं तेव्हा काच येणार म्हणून तरी कोण म्हणालं होतं?"

चौकशी लागली तर निलंबन, निलंबन लागलं की क्वार्टर सोडायची, हा नियम यज्ञेश्वरने दुसऱ्यांसाठी कितीदा टाइप केला होता.

आठवडा उलटला. साहेब नेहमीपेक्षा गोड बोलत होते आणि यज्ञेश्वरला त्याचीच धास्ती वाटत होती. मग एके दिवशी, नेमकी जेवणाच्या सुट्टीत, कट्टा भरलेला असताना, साहेबांनी हातातली फाइल मिटली आणि म्हणाले, "वळसंगकर, एक गोष्ट फक्त तुम्हाला सांगतो. तुमच्यावर माझा विश्वास आहे म्हणून."

सापळा आहे, हे यज्ञेश्वरला त्या वाक्यातच कळलं. विश्वास असलेला साहेब तसं बोलून दाखवत नाही. त्याने तिरप्या नजरेने बाहेर बघितलं. शिवम्मा कट्ट्यावर होती. तिच्या शेजारी आज आणखी दोघी बसल्या होत्या आणि नळाशी ईरप्पाही होता. फोनच्या दिवसापासून जेवणाच्या सुट्टीत कुणी दुसरीकडे बसतच नव्हतं. शोकेसला गिऱ्हाईक वाढलं होतं.

"बॉयलर..." साहेबांनी सुरुवात केली.

यज्ञेश्वर उठून उभा राहिला. उठला तो दोन पावलं मागे सरकला आणि काचेकडे पाठ करून, साहेबांचं तोंड आणि लिंबाचा कट्टा यांच्या बरोबर मध्ये थांबला.

"काय झालं?" साहेबांनी विचारलं.

"काही नाही साहेब. पाय आखडला."

"बसा की."

"उभाच बरा आहे. बोला."

साहेबांनी मान एका बाजूला केली, तसा यज्ञेश्वरही त्या बाजूला सरकला. साहेबांनी त्याच्याकडे क्षणभर नीट बघितलं. मग म्हणाले, "बॉयलर विकायचं ठरलंय. गिऱ्हाईक इचलकरंजीचं आहे. पुढच्या महिन्यात येऊन उचलतील."

बॉयलर गेला की वाफ नाही, वाफ नाही तर सुताला खळ लागणार नाही, खळ नाही तर माग चालणार नाहीत. एका पाळीची गोष्ट राहणार नव्हती, सगळी मिल बंद. हे कट्ट्यावर वाचलं गेलं असतं तर त्या दुपारी पटांगणात लोक नुसते उभे राहिले नसते. काच फुटली असती, पोलीस आले असते, पुढे होते त्यांची नावं काढून टाकलेल्यांच्या यादीत गेटावर लागली असती. आणि बातमी फुटली म्हणून यज्ञेश्वरही गेला असता. आपण कुणासाठी उभे राहिलो, त्यांच्यासाठी की आपल्यासाठी, हे त्याने त्या वेळी स्वतःला विचारलं नाही. नंतर विचारलं तेव्हा सांगता आलं नाही.

त्याच्या पाठीला काचेपलीकडची नजर जाणवत होती. साहेब बोलायचे थांबल्यावर तो वळला. शिवम्मा त्याच्याचकडे बघत होती. तिने पदराचं टोक उचललं, तोंडावर धरलं आणि शेजारणीशी काहीतरी बोलली. शेजारणीनेही पदर तोंडावर घेतला.

त्या दिवसापासून ते सुरू झालं. यज्ञेश्वर कामासाठी शेडमध्ये गेला की त्याच्या वाटेवरचे हात एकेक करून तोंडापाशी जात. कुणी मिशी पुसतो आहे, कुणी खोकतो आहे, कुणी सरळ पाठ फिरवतो आहे. त्याला वाचता येतं, हे तिथे सगळ्यांना माहीत होतं. नऊ वर्षं त्यांनीच त्याला शिकवलं होतं.

खंडेनवमीला माग बंद असतात. मागांना हळद-कुंकू लागतं, झेंडूच्या माळा चढतात, धोट्यांची पूजा होते आणि वर्षातून एकदा शेडमध्ये माणसाचा आवाज ऐकू येतो. यज्ञेश्वर शेडमध्ये क्लार्क होता तेव्हा शिवम्मा त्याच्या हातावर पहिला प्रसाद ठेवायची आणि तो ऑफिसात गेल्यावरही ती रीत चालू राहिली होती. या वर्षी साहेबांनी नारळ फोडला, उघड्या कारभारावर चार वाक्यं बोलले, टाळ्या पडल्या. शिवम्मा परात घेऊन ओळीने आली. यज्ञेश्वरने हात पुढे केला. तिने प्रसाद ठेवला, पहिला नव्हे, ओळीत आला तसा.

"घ्या साहेब," ती म्हणाली.

"साहेब काय, शिवम्मा?"

"मग काय म्हनू? साहेबाच्या म्होरं उभं ऱ्हानारं मानूस साहेबच की."

"तुला माहीत नाही साहेब काय बोलणार होते."

"न्हाईच माहीत." ती पुढच्या माणसाकडे सरकली. "तुमी कुटं बगू दिलं?"

इतकी शांतता असूनही ओळीतलं पुढचं बोलणं त्याला ऐकू आलं नाही. बोलणारे पुन्हा ओठांवर गेले होते आणि ओठांवर हात होते.

दसऱ्यानंतर साहेबांनी त्याला समोर बसवलं.

"बॉयलरची बातमी कुठेच फुटली नाही."

"हो साहेब."

"याचा एक अर्थ, तुम्ही विश्वासू आहात. दुसरा, तुम्हाला वास लागला. मला सांगा, त्या दिवशी तुम्ही उठलात का?"

"पाय..."

"मी बॉयलर म्हटलं आणि तुम्ही उठलात. पुढचं वाक्य बोलायच्या आत. आणि मी हललो तसे हललात." साहेब पुढे वाकले. "कुणाला खूण करत होता?"

यज्ञेश्वरला हसू येईल की काय, असं वाटलं. सगळ्या शंकांत ही एकच अशी होती की जिच्या जवळून खरं गेलं होतं. साहेब खुणेपर्यंत आले होते. आणखी एक पाऊल टाकलं असतं तर काचेपाशी पोचले असते. त्या पावलाची तो वाट बघत राहिला. साहेबांनी ते टाकलं नाही.

"सोमवारी सकाळपर्यंत लेखी खुलासा द्या," ते म्हणाले. "समाधान झालं नाही तर चौकशी. निलंबनाचं तुम्हाला ठाऊक आहे."

शनिवारी रात्री साहेबांना शेठचा निरोप आला आणि ते रविवारी मुंबईला गेले. कशासाठी, ते कुणाला सांगितलेलं नाही.

सोमवारी यज्ञेश्वर वेळेवर आला. खुलाशाचा कागद त्याच्या खिशात होता. त्यावर 'सविनय सादर' एवढंच लिहिलेलं होतं. काचेच्या खोलीत तो एकटाच बसला. साडेअकराच्या सुमारास सिदू आणि एक सुतार आत आले. सुताराच्या खांद्यावर पितळी दांड्या होत्या. त्याने त्या काचेशेजारच्या भिंतीला टेकवून ठेवल्या, फुटपट्टीने काचेची रुंदी मोजली आणि गेला.

"हे काय रे?" यज्ञेश्वरने विचारलं.

"पडद्याच्या दांड्या की."

"मागवल्या कुणी?"

"मला काय म्हाईत? ष्टोअरवाला म्हनला, साहेबांच्या खोलीत नेऊन ठेव. आनल्या." सिदूने मान खाजवली. "दार काडायचं, काच लावायची, काचंला पडदा लावायचा. त्यापरीस दारच बरं न्हवतं का, हेडक्लार्कसाहेब? माझा खांदा तरी वाचला असता."

स्टोअरला फोन केला तेव्हा कळलं, मागणी तोंडी आली होती. कुणाकडून, हे तिथल्या माणसाला नक्की सांगता येईना. मुंबईहून फोन होता, असं तो आधी म्हणाला. मग म्हणाला, की नव्हता बहुतेक.

म्हणजे काचेतून ओठ वाचले जातात हे साहेबांना कळलं होतं. किंवा कळलं नव्हतं आणि ऊन येतं म्हणून पडदा हवा होता. किंवा कुणीतरी सांगितलं होतं. यज्ञेश्वर नावं आठवत गेला आणि प्रत्येक नावापाशी थांबला. पटांगणात हे तिन्ही अर्थ कुणी करत बसणार नव्हतं. तिथे एकच अर्थ निघणार होता आणि तो काचेमागे एकटा बसला होता.

जेवणाचा भोंगा झाला. बाया कट्ट्यावर आल्या. शिवम्माने दांड्या बघितल्या, आणि तिने फडकं सोडलंच नाही. ईरप्पा शेडमधून आला, तिच्या नजरेमागोमाग त्याची नजर गेली. तो चालत चालत काचेच्या अगदी जवळ आला. त्याने हात खाली ठेवले, तोंड उघडं ठेवलं. बऱ्याच दिवसांत पहिल्यांदा.

'तुमी सांगितलं?' त्याचे ओठ म्हणाले.

'न्हाय,' यज्ञेश्वरचे ओठ म्हणाले. आवाज काढायचं त्याला सुचलंही नाही.

ईरप्पा त्याच्या तोंडाकडे बघत राहिला. खरं वाचतोय की खोटं, हे त्याच्या चेहऱ्यावरून कळलं नाही. मग तो वळला आणि कट्ट्याकडे गेला. तिथे पोचल्यावर तो शिवम्माशी काय बोलला, ते दिसलं नाही. त्याची पाठ काचेकडे होती.

दांड्या अजून भिंतीला टेकलेल्या आहेत. पडद्याचं कापड आलेलं नाही. दुसऱ्या पाळीची नोटीस लागलेली नाही आणि साहेब मुंबईहून कधी परतणार, ते ऑफिसात कुणालाही ठाऊक नाही.